यादी चावडीवर आणा!

ग्रामपंचायतीच्या एका जागेची पोटनिवडणूक लागते. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या हद्दीबाहेर, लिंबाच्या सावलीत एक टेबल पडते. टेबलावर मतदार यादीची प्रत असते. तिचे कोपरे दुमडलेले, पाने हाताळून मऊ पडलेली आणि जवळपास प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने काहीतरी खरडलेले. ‘मयत’. ‘पुण्याला’. ‘सासरी गेली’. ‘कारखान्याला’. ‘गाडी पाठवणे’. ती यादी सांभाळणारा कार्यकर्ता बारावी नापास असेल, पण तिच्यातला कोणता माणूस आज कुठल्या छपराखाली निजतो हे त्याला तोंडपाठ असते. त्याच यादीची दुसरी प्रत आत, शाळेच्या खोलीत, मतदान केंद्राध्यक्षांसमोर असते. ती कोरी, करकरीत आणि धडधडीत खोटी. तीन वर्षांपूर्वी सरणावर चढलेला म्हातारा तिच्यात ठणठणीत आहे. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली सून तिच्या लेखी गावात आलेलीच नाही. आणि वीस वर्षे ठाण्यात राहणारे अख्खे कुटुंब तिच्यात वेशीजवळच्या पडक्या घरात गुण्यागोविंदाने नांदते आहे.

गावातले सत्य पेन्सिलीने लिहिलेले आणि असत्य सरकारी खर्चाने छापलेले, अशी आपल्या स्थानिक लोकशाहीची आज अवस्था आहे. आम्ही सरळ विचारतो: पक्षाच्या एका पोराला चार दिवसांत जे कळते, ते राज्याच्या निवडणूक यंत्रणेला चार वर्षांत का कळू नये? यंत्रणा आंधळी आहे म्हणावे, तर तसेही नाही. तिने डोळे मिटून घ्यावेत अशी तजवीज आपणच कायद्यात करून ठेवली आहे, आणि ती बदलण्याची घाई ना सत्ताधाऱ्यांना आहे, ना विरोधकांना. कारण बाहेरच्या टेबलावरची ती पेन्सिलीची यादी दोघांकडेही आहे.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. 1992 च्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना संविधानात स्थान मिळाले. त्यांच्या मतदार याद्या तयार करण्याचे आणि निवडणुका घेण्याचे अधीक्षण, संचालन आणि नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवले गेले. पंचायतींसाठी तसे अनुच्छेद 243 के सांगते, शहरांसाठी 243 झेडए. वाक्यात आधी मतदार याद्या येतात, मग निवडणुका. घटनादुरुस्ती करणाऱ्यांनी हा क्रम झोपेत लिहिलेला नाही. 1994 मध्ये महाराष्ट्राचा आयोग उभा राहिला. पण राज्याचे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महापालिका कायदे सांगतात, की विधानसभेची यादी घ्या आणि तीच वापरा. म्हणजे संविधानाने आयोगाच्या हाती लेखणी दिली आणि राज्याच्या कायद्यांनी त्या लेखणीतली शाई काढून घेतली.

म्हणून होते ते असे. आयोग एक तारीख ठरवतो. त्या दिवशी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी जशीच्या तशी उचलतो आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे पाडतो. मग हरकती मागवतो. पण हरकत कशावर घेता येते? लेखनिकाची चूक असेल तर. नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेले असेल तर. विधानसभेच्या यादीत नाव असून प्रभागाच्या यादीतून सुटले असेल तर. बस्स! ‘माझा बाप वारला, त्याचे नाव काढा’ ही हरकत इथे बसत नाही. ‘मी अठरा वर्षांची झाले, माझे नाव घाला’ हीसुद्धा बसत नाही. तहसील कचेरीतला कारकून म्हणतो, हे आमच्याकडे नाही, विधानसभेच्या यादीकडे जा. तिकडे अर्ज करून नाव चढेपर्यंत ठरलेली तारीख उलटलेली असते. ज्याला दोन्ही दारांतून परत पाठवले, त्याने मतदानाच्या दिवशी बोटाकडे पाहत घरी बसायचे.

या तारखेचा खेळ किती क्रूर आहे, ते महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. राज्यातल्या 29 महापालिकांचे मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झाले. यादी कुठल्या दिवसाची? 1 जुलै 2025 ची. मध्ये साडेसहा महिने गेले. 2021 च्या दुरुस्तीने संसदेने मतदार नोंदणीसाठी वर्षाला एकाऐवजी चार अर्हता दिनांक दिले: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. कशासाठी? अठरा वर्षे पूर्ण झालेल्या पोराला वर्षभर ताटकळत ठेवू नये म्हणून. आणि आपण काय केले? ऑगस्टमध्ये अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला विधानसभेच्या यादीचे दार ऑक्टोबरपासून उघडे, पण जानेवारीत तिच्याच गल्लीचा नगरसेवक निवडताना ती परकी! देशाच्या दृष्टीने सज्ञान आणि वॉर्डाच्या दृष्टीने अज्ञान, असला प्रकार कुठल्या शास्त्रात बसतो?

याहून लाजिरवाणी तुलना पोटनिवडणुकीची आहे. आमदार किंवा खासदार वारला आणि पोटनिवडणूक लागली, तर 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 23 प्रमाणे उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत यादीत नाव घालण्याचे दार कायद्याने उघडे असते. ज्याचे तोंड पाच वर्षांत दोनदा दिसते त्या आमदारासाठी ही सवलत. आणि ज्याच्या सहीवाचून नळाला पाणी येत नाही, त्या सरपंचाच्या पोटनिवडणुकीत मात्र आयोगाच्या तारखेनंतर ते दार बंद! मतदाराच्या दारात जे सरकार बसते, त्याच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता सर्वांत अरुंद ठेवण्यात आला आहे.

ही झाली एक जखम. दुसरी याच्या अगदी उलट आहे, आणि तिच्यातून पू वाहतो आहे.

स्थानिक जागा रिकाम्या का होतात? सदस्य वारतो, राजीनामा देतो. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत आणत नाही म्हणून अपात्र ठरतो, सरकारी जमिनीवर अतिक्रमण केल्याचे सिद्ध होते म्हणून घरी जातो. यातली बरीच कारणे महिनोन्‌महिने आधी गावाला दिसत असतात. जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेची सुनावणी सुरू आहे, म्हणजे पोटनिवडणूक येणार, हे चहाच्या टपरीवरचा पोऱ्याही सांगेल. मग आयोगाची तारीख पडण्याआधीच विधानसभेच्या यादीत सुरू होते नावांची पेरणी. शहरातले पुतणे अचानक गावच्या पत्त्यावर येतात. गुत्तेदाराच्या शेडमधल्या मजुरांचे अर्ज एकाच हस्ताक्षरात भरले जातात. एका प्रभागातले नाव पत्ताबदलाच्या अर्जाने शेजारच्या प्रभागात सरकते, कारण या वेळी निवडणूक त्या प्रभागात आहे. सार्वत्रिक निवडणुकीत हा उद्योग महाग पडतो; सगळेच प्रभाग एकदम लढत असल्याने एकीकडे नेलेला माणूस दुसरीकडे कमी पडतो. पोटनिवडणुकीत मात्र लढाई एकाच प्रभागात असते. बाकीचे गाव म्हणजे फुकटचे कोठार. म्हणूनच यादीची लबाडी पोटनिवडणुकीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत किफायतशीर ठरते.

आणि तिथे एका नावाची किंमत काय असते? ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य, प्रभागात काही शे मतदार. दहा-वीस मतांनी निकाल फिरतो. पण शहरांनाही यातून सुटका नाही. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना समान मते पडली. फेरमोजणीनंतरही पारडे हलले नाही. शेवटी चिठ्ठी काढावी लागली आणि शहा विजयी ठरले. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेतली एक जागा एका लहान मुलीच्या हातातल्या चिठ्ठीवर ठरली. त्या प्रभागाच्या यादीतले एक मेलेले नाव, एक दुबार नाव किंवा एक सुटलेले नाव काय करू शकले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

यावर कुणी म्हणेल, कायद्यात रहिवासाची अट आहेच की! आहे, आणि ती उत्तम आहे. 1950 च्या त्याच कायद्याचे कलम 20 दोन गोष्टी स्वच्छ सांगते. एक, गावात घर मालकीचे आहे एवढ्यानेच कुणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. दोन, कुणी तात्पुरता बाहेर गेला एवढ्याने त्याचा रहिवास संपत नाही. आता आपण काय करतो ते पाहा. गणपती-शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याचे नाव घराच्या जोत्यावर वर्षानुवर्षे टिकते, आणि बीडहून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला ‘हे इथे राहत नाहीत’ म्हणून संशयाने पाहिले जाते. चाकरमान्याच्या गावच्या ओढीशी आमचे भांडण नाही. ती ओढ खरी आहे. पण ठाण्याच्या नळाचे पाणी पिणाऱ्याने गावच्या पाणीपट्टीचा कौल द्यावा, आणि सहा महिने फडात कोयता चालवून त्याच गावात परतणाऱ्या बाईने दाराबाहेर उभे राहावे, हा न्याय कुठला? कायद्याची दोन्ही वाक्ये आपण उलटी वाचतो. आणि गावोगावच्या निवडणुका बहुधा गळीत हंगामातच येतात. 14,234 ग्रामपंचायतींची निवडणूक 15 जानेवारी 2021 ला झाली. त्या दिवशी कोयते कुठे होते, हे कारखान्याच्या कुठल्याही मुकादमाला विचारा. ज्या उमेदवाराकडे गाड्या पाठवायला पैसा, त्याच्याकडे मजुरांचे मत. बाकीच्यांच्या नावापुढे पेन्सिलीने ‘कारखान्याला’.

यादीची हेळसांड हा आजचा रोग नव्हे. स्वतंत्र भारताच्या 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले, की माणसाला स्वतःचे नाव नसेल तर त्याची मतदार म्हणून नोंद होणार नाही. लाखो नावे गेली, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायकांनी नावे सांगितली. त्या कठोरपणामागे निदान तत्त्व होते. 2014 च्या लोकसभेला पुण्या-मुंबईतल्या हजारो मतदारांना केंद्रावर गेल्यावर कळले की आपले नावच नाही. तेव्हा निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांना माफी मागावी लागली. माफी मागितली, नावे मात्र गेली ती गेलीच. आणि 2025 च्या हिवाळ्यात मुंबईच्या मसुदा यादीत दुबार नोंदी लाखांनी निघाल्या. त्यावर उपाय काय? दुबार नावापुढे दोन तारे छापायचे आणि मतदाराकडून हमीपत्र घ्यायचे. कारण राज्य निवडणूक आयोगाला नाव काढण्याचा अधिकारच नाही! घरात साप निघाला तर त्याच्यावर खडूने खूण करून ठेवायची, असा हा उपाय.

आता यावर एक मोठे औषध सुचवले जाते. रामनाथ कोविंद समितीने मार्च 2024 मध्ये शिफारस केली, की लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत एकच मतदार यादी असावी. कागद वाचेल, कष्ट वाचतील, हे खरे. पण महाराष्ट्रात व्यवहारात एकच यादी आजही आहे. विधानसभेचीच यादी खाली उतरते. रोग यादी एक की दोन हा नाहीच. खालच्या पातळीवरून, जिथे माणूस माणसाला ओळखतो तिथून, यादी दुरुस्त करण्याची वाटच नाही, हा रोग आहे. एकच यादी म्हणजे एकच चूक, पण ती सर्वत्र.

वाट असू शकते, हे केरळने दाखवले आहे. तिथला राज्य निवडणूक आयोग स्थानिक संस्थांची यादी स्वतः ठेवतो. पोटनिवडणूक होणार असलेल्या प्रभागांत आधी यादीचे पुनरीक्षण करतो. नावे घालण्याचे, काढण्याचे अर्ज घेतो, सुनावणी करतो, मग मतदान. संविधान तेच, अनुच्छेद तोच. जे तिरुवनंतपुरमला जमते ते मुंबईला जमू नये, असे कुठला अरबी समुद्र सांगतो?

म्हणून आमच्या मागण्या ऐका. त्यांना समिती नको, अभ्यासगट नको. विधिमंडळाचे एक अधिवेशन पुरे आहे.

पहिली: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महापालिका, या कायद्यांत दुरुस्ती करून पोटनिवडणुकीच्या प्रभागापुरती पुरवणी यादी करण्याचा, म्हणजे नाव घालण्याचा आणि काढण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाला द्या. पाया विधानसभेच्या यादीचाच राहू द्या. पण चौथरा गावाला सारवू द्या.

दुसरी: पोटनिवडणुकीची यादी मतदानाआधीच्या सर्वांत जवळच्या अर्हता दिनांकाची असावी, आणि नाव नोंदवण्याचे दार विधानसभेप्रमाणे उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत उघडे असावे.

तिसरी: ते दार उघडे ठेवाल तर पहारा लागेलच. जागा रिकामी झाल्यापासून किंवा अपात्रतेची कार्यवाही सुरू झाल्यापासून त्या प्रभागात आलेले प्रत्येक नवे नाव आणि प्रत्येक पत्ताबदल वेगळ्या यादीत छापा आणि घरी जाऊन तपासा. तपासले की लबाडी सापडते. 2024 च्या विधानसभेआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात हजारो अर्ज पडताळणीत फेटाळले गेले आणि गुन्हा नोंदवावा लागला. तिथे पकडले गेले, कारण कुणीतरी डोळे उघडून पाहिले.

चौथी: ग्रामसेवक हाच गावचा जन्म-मृत्यू निबंधक. ज्या कपाटात मृत्यूची नोंदवही, त्याच कपाटाला टेकून मयताचे नाव असलेली मतदार यादी उभी! जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने ही माहिती मतदार यादीशी जोडण्याची सोय केली आहे. पोटनिवडणूक जाहीर होताच त्या प्रभागाच्या मृत्यूनोंदी यादीशी ताडून पाहणे सक्तीचे करा. ही दोन तासांची कामगिरी आहे.

पाचवी, आणि आमची मुख्य: यादी चावडीवर वाचा. सातबाराचे चावडीवाचन आपल्याला नवे नाही. मसुदा यादी तहसीलच्या फळ्यावर टाचणीने लावून ‘प्रसिद्धी’ झाली म्हणणे ही थट्टा आहे. गावात ग्रामसभेत, शहरात वॉर्डाच्या शाळेत किंवा सोसायटीच्या पटांगणात, संध्याकाळी, एकेक नाव मोठ्याने वाचा. काही शे नावांना एक संध्याकाळ लागते. मयताचे नाव आले की कुणीतरी बोलेलच. नव्या सुनेचे नाव आले नाही, तर ती स्वतः उठून उभी राहील.

इथे एक धोका आम्ही स्वतःच सांगतो, कारण तो खरा आहे. चावडी गावाची असते तशीच गावातल्या दांडग्यांचीही असते. ‘हे पारधी इथले नव्हेत’, ‘ती विधवा भावाकडे राहते’ अशा आरोळ्या तिथे उठतील. ज्यांच्या हाती कागद नाहीत, त्या भटक्या-विमुक्तांवर पहिली कुऱ्हाड पडेल. म्हणून नियम पक्का हवा. चावडीवर नाव घालण्याचा अर्ज घेता येईल, पण चावडीवर नाव काढता येणार नाही. काढायचे तर लेखी नोटीस, घरी भेट, सुनावणी आणि लेखी कारण. बिहारमध्ये 2025 च्या ऑगस्टमध्ये मसुदा यादीतून सुमारे 65 लाख नावे गळली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की वगळलेल्यांची नावे कारणांसह जाहीर करा. तोच नियम प्रभागालाही लावा. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे होता कामा नये.

‘माणसे कुठून आणायची?’ हा प्रशासनाचा ठरलेला प्रश्न. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून शिक्षक आणि अंगणवाडी सेविका आधीच राबतात; त्यांचे वार्षिक मानधन 2025 मध्ये 6,000 वरून 12,000 झाले. म्हणजे महिन्याला हजार रुपये! हजार रुपयांत लोकशाहीचा पाया बांधून घ्यायचा आणि भिंत कलली की त्याच बाईला नोटीस द्यायची, हे बंद करा. पोटनिवडणुकीच्या पडताळणीचा वेगळा मोबदला द्या. आणि शिक्षेचे म्हणाल, तर खोट्या जाहीरनाम्यासाठी एक वर्षापर्यंत कैद कायद्यात आहे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी तीन महिने ते दोन वर्षे कैदही आहे. पण अधिकाऱ्यावरचा खटला निवडणूक आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या आदेशावाचून न्यायालयात उभाच राहत नाही. तलवार आहे, म्यानाला कुलूप आहे आणि किल्ली यंत्रणेच्याच खिशात आहे.

1 नोव्हेंबर 2025 रोजी मुंबईत मतदार याद्यांतल्या घोळाविरुद्ध विरोधकांचा मोठा मोर्चा निघाला. सत्ताधाऱ्यांनी तो हसण्यावारी नेला. त्या मोर्चातल्यांना आणि त्याला हसणाऱ्यांनाही आमचा एकच सवाल आहे. विधिमंडळात तुम्ही दोघेही बसता. कायदादुरुस्तीचे विधेयक आणायला तुमचा हात कुणी धरला आहे? यादी खोटी असते तेव्हा हरणारा ओरडतो आणि जिंकणारा गप्प बसतो. पाच वर्षांनी दोघे जागा बदलतात, यादी मात्र तीच राहते. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण मेलेली म्हातारी मतदान करते आणि काळ सोकावतो, याचे आहे.

येत्या अधिवेशनाला निघताना प्रत्येक आमदाराने आपल्या तालुक्यातल्या कार्यकर्त्याकडून एक वस्तू मागून घ्यावी. लिंबाखालच्या त्या टेबलावरची दुमडलेल्या कोपऱ्यांची यादी. ती सभागृहाच्या पटलावर ठेवावी आणि शेजारी सरकारची करकरीत यादी ठेवावी. विधेयकाला याहून वेगळे निवेदन लागणार नाही.

आणि ती प्रत पटलावर ठेवायला ज्याचा हात कचरेल, त्याने मोर्चात लोकशाहीचे नाव घेऊ नये.